फरशीखाली काय असते?

वर्गातील फरशी थेट जमिनीवर बसवलेली नसते. ती चार-पाच थरांच्या एका रचनेवर टेकलेली असते. सर्वांत खाली मूळ जमीन. तिच्यावर, जोत्याच्या भिंतींच्या आत, पाणी मारून आणि धुम्मस करून बसवलेली मुरुमाची भर. भरीवर हाताने रचलेले दगड, ज्याला गवंडी ‘सोलिंग’ म्हणतात. त्यावर खडी, वाळू व सिमेंट यांचे काँक्रीट. मग मसाल्याचा पातळ थर आणि शेवटी आपल्याला दिसणारी फरशी. ही रचना एकदा झाकली गेली, की पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. ती बरोबर झाली होती की नाही हे कळते ते दोन-चार पावसाळे गेल्यावर, फरशी मध्येच खचली किंवा भिंतीला लोणा लागला म्हणजे.

थरांचा हा क्रम गवंड्याला पाठ असतो. पण तो तसाच का? काँक्रीट इतके मजबूत असताना त्याच्याखाली सुटे दगड कशाला? दगड घालायचेच, तर मोठे का, बारीक खडी का नको? या प्रश्नांची उत्तरे शोधायला फरशीचा इतिहास फार उपयोगी पडतो. प्रत्येक थर माणसाला पडलेल्या एखाद्या अडचणीचे उत्तर म्हणून जन्माला आला. ती अडचण विसरून नुसता थर उचलला, तर तो काम करीत नाही. या लेखात हेच पाहायचे आहे.

मोहेंजोदडोचा एक इंच

सिंधमधील मोहेंजोदडो येथे १९२५-२६ च्या उत्खननात जे मोठे स्नानकुंड सापडले, ते आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल अशा या कुंडाचे वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास धरले जाते. चित्रात दिसतात त्या त्याच्या पायऱ्या आणि विटा. पण त्याचे खरे वैशिष्ट्य चित्रात न दिसणाऱ्या भागात आहे. तळाच्या विटा उभ्या कडेवर, एकमेकींना घट्ट भिडवून, जिप्समच्या मसाल्यात बसवल्या आहेत. बाजूच्या भिंतींमागे डांबराचा सुमारे एक इंच जाडीचा थर आहे आणि तो जागेवर राहावा म्हणून त्याच्या मागे विटांची आणखी एक भिंत आहे.

म्हणजे त्या गवंड्यांनी कामाची वाटणी केली होती. भार घ्यायचा विटांनी आणि पाणी अडवायचे डांबराने. वीट भाजलेली आणि कठीण असली, तरी ती पाणी पिते, हे त्यांनी ओळखले होते. थरांच्या रचनेमागचे मूळ तत्त्व हेच आहे. एकच पदार्थ सगळी कामे करू शकत नाही, म्हणून कामे वाटून द्यायची.

व्हिट्रुव्हिअसची फरशी

फरशी कशी करावी याचे सविस्तर लेखी वर्णन आपल्याला रोमन लेखक व्हिट्रुव्हिअस याच्या वास्तुकलेवरील ग्रंथात मिळते. हा ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही दशकांतला असून तो सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेला आहे. त्याच्या दहा भागांपैकी सातव्या भागाची सुरुवातच फरशीपासून होते.

व्हिट्रुव्हिअस प्रथम सांगतो ते जमीन तपासायला. ती सगळीकडे सारखी घट्ट आहे का हे पाहावे आणि भरावाची असल्यास नीट ठोकून बसवावी. मग पहिला थर दगडांचा, आणि एकेक दगड मूठभरापेक्षा लहान नको. दुसरा थर खडी व चुना यांचा. खडी नवी असेल, तर तीन भागांस एक भाग चुना. जुन्या बांधकामातील असेल, तर पाच भागांस दोन. हा थर माणसांच्या टोळ्या लावून लाकडी धुमसांनी चोपायचा आणि चोपून झाल्यावर त्याची जाडी पाऊण रोमन फुटापेक्षा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २२ सें.मी.पेक्षा कमी भरता कामा नये. तिसरा थर कुटलेल्या खापरांचा. तीन भाग खापर आणि एक भाग चुना, जाडी निदान सहा अंगुळे, म्हणजे सुमारे ११ सें.मी. याच्यावर मग फरशी.

वरच्या मजल्याच्या जमिनीबद्दल तो एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. लाकडी तुळयांवर जमीन करताना खालच्या खोलीतील एखादी मधली भिंत तिला खालून टेकलेली नसावी. लाकूड वाळते व वाकते, भिंत मात्र जागची हलत नाही. परिणामी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला भेगा पडतात. जमीन सगळी सारखी खाली गेली तर फारसे बिघडत नाही. एक भाग गेला आणि दुसरा राहिला, तरच ती फुटते. हा विचार आजच्या पाया-अभियांत्रिकीच्याही मुळाशी आहे.

मोठे दगड का?

आता मूठभर दगडांकडे वळू. जमिनीतले पाणी वर चढते ते केशाकर्षणाने. जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैज्ञानिकाने १७१८ मध्ये याचा नियम मांडला. नळी जितकी बारीक, तितके पाणी जास्त उंच चढते. उंची व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. स्वच्छ काचेच्या १ मि.मी. व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३ सें.मी. चढते. म्हणजे व्यास ०.१ मि.मी. असेल, तर सुमारे ३० सें.मी.; आणि ०.०१ मि.मी. असेल, तर सुमारे ३ मीटर!

मातीतील पोकळ्या काही सरळ नळ्या नसतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. बारीक मातीत पाणी मीटरच्या हिशेबात चढू शकते, वाळूत सेंटिमीटरच्या हिशेबात, आणि मूठभर दगडांमधल्या बोटभर फटीत ते जवळजवळ चढतच नाही. सोलिंगमधील दगड भार तर घेतातच. पण ओल अडवण्याचे काम दगड करीत नाहीत. ते काम दगडांमधली रिकामी जागा करते.

हे वर्गात सहज दाखवता येते. दोन्ही बाजूंनी उघड्या अशा तीन पारदर्शक नळ्या घ्या. तळाला फडके बांधा. एकीत चाळलेली कोरडी माती, दुसरीत वाळू व तिसरीत गोट्यांएवढी खडी भरा. तिन्ही नळ्या दोन सें.मी. पाणी असलेल्या ताटात उभ्या करा आणि दुसऱ्या दिवशी ओल कोठवर चढली ते मोजा. नंतर एका नव्या नळीत खाली माती, मध्ये बोटभर खडी आणि वर पुन्हा माती भरून तोच प्रयोग करा. वरची माती कोरडी राहिलेली पाहून विद्यार्थ्यांना सोलिंगचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. काही ठिकाणी सोलिंगच्या फटींत माती किंवा बारीक चुरा ठासून भरतात. दगड हलू नयेत म्हणून मोठ्या फटींत लहान दगडाच्या कपच्या बसवणे योग्यच आहे. पण माती भरली, की पाण्याला शिडी मिळाली. दगडांचा थर कागदावर आहे, मोजमापातही बसतो, आणि तरी त्याचे एक मुख्य काम बंद पडलेले असते.

कोळशावरची फरशी

व्हिट्रुव्हिअसने ग्रीकांच्या हिवाळी भोजनगृहातील जमिनीचीही रीत दिली आहे. जमीन दोन फूट खणायची, चोपायची, तीत दगडांचा किंवा खापरांचा थर द्यायचा. त्यावर लाकडी कोळसा दाबून बसवायचा आणि वर वाळूमिश्रित खडे, चुना व राख यांचा अर्धा फूट जाडीचा गिलावा घालून तो घासायचा. जमीन काळीभोर दिसते. मेजवानीत सांडलेले मद्य पडताक्षणी सुकते आणि अनवाणी वाढणाऱ्या नोकरांच्या पायांना गारठा लागत नाही, असे तो म्हणतो.

आजच्या ज्ञानाने याचा अर्थ लावता येतो. वरचा गिलावा सच्छिद्र असल्याने तो द्रव शोषून घेतो. खालच्या कोळशात व खापरांत मोकळी जागा असल्याने जमिनीतली ओल वर येत नाही. आणि कोळशात हवा भरलेली असल्याने तो उष्णतेचा दुर्वाहक आहे, म्हणून पायांतली उष्णता खाली निघून जात नाही. येथे अडचण वेगळी होती, म्हणून थरही वेगळे झाले. तोच लेखक, तोच ग्रंथ. पण एक ठरावीक सूत्र त्याने सर्वत्र लावलेले नाही.

खापराचे गुपित

तिसऱ्या थरात खापरच का? चुन्याचा गिलावा कठीण होतो तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून. चुन्याचे पुन्हा चुनखडीत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, रूपांतर होते. भिंतीवरच्या पातळ गिलाव्याला हे जमते. पण फरशीखाली दडलेल्या, ११ सें.मी. जाडीच्या थराला हवा कोठून मिळणार? तो वर्षानुवर्षे मऊच राहील. भाजलेल्या मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांची मात्र चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात अभिक्रिया होते आणि हवेशिवायही कठीण पदार्थ तयार होतो. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालत ती याचसाठी. रोमन गवंड्याला किंवा आपल्या गवंड्याला हे रसायनशास्त्र माहीत नव्हते. पण दडलेल्या आणि ओल्या जागी नुसता चुना चालत नाही, हे दोघांनाही अनुभवाने कळले होते.

इंग्लंडमध्ये एडिस्टनच्या दीपगृहासाठी (हे १७५९ मध्ये पूर्ण झाले) जॉन स्मीटनने निरनिराळे चुने तपासले. ज्या चुनखडीत मुळातच चिकणमाती असते, तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, असे त्याला आढळले. पुढे १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजण्याची ही वाट तेथून आजच्या सिमेंटपर्यंत येते. हवेवर अवलंबून नसलेला, झाकून टाकला तरी घट्ट होणारा पदार्थ आता कारखान्यातून मिळू लागला.

मग सोलिंगची गरज संपली का? नाही. काँक्रीटमध्येही सूक्ष्म छिद्रे असतात आणि वर पाहिलेला ज्यूरिनचा नियम तेथेही लागू पडतो. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर जे नमुना नियम आले, त्यांत भिंतीमध्ये जमिनीच्या जरा वर ओल रोखणारा थर घालण्याची अट होती. शिसाचा पत्रा, डांबर किंवा सिमेंटमध्ये बसवलेली स्लेटची पाटी असा हा थर असे. गवंडी आजही ज्याला ‘डी. पी. सी.’ म्हणतात तो हाच. दमट घरे आणि आजारपण यांचा संबंध तेथील शहरांनी भोगला होता, म्हणून हा थर आरोग्याच्या कायद्यातून आला, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

एक प्रसिद्ध गैरसमज

प्रश्न विसरून उत्तर उचलले की काय होते, याचे एक उदाहरण इतिहासलेखनातच आहे. रोमन रस्त्याचा छेद अनेक पुस्तकांत आढळतो. खाली मोठे दगड, मग खडी व चुना, मग बारीक थर आणि वर फरसबंदी, असे चार थर आणि त्यांची लॅटिन नावे. ही नावे व्हिट्रुव्हिअसचीच आहेत. पण तो रस्त्यांबद्दल बोलतच नव्हता, तो घरातल्या जमिनीबद्दल बोलत होता. फ्रान्समधील ऱ्हाँस शहराच्या निकोला बेर्जिए या विद्वानाने १६२२ मध्ये रोमन महामार्गांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याने फरशीचे हे थर रस्त्याला लावले आणि पुढच्या पुस्तकांनी ते एकमेकांतून उतरवून घेतले.

प्रत्यक्ष उत्खननांत काय दिसते? कोठे चोपलेल्या जमिनीवर नुसती खडी, कोठे मोठे फरसबंदी दगड, दलदलीत लाकडाचे ओंडके. रस्ता ज्या भूभागातून गेला, तेथली जमीन आणि तेथे मिळणारे साहित्य यांवर थर ठरत. चार थरांचा नीटस छेद पाठ करायला सोपा, म्हणून तो टिकला.

काळ्या मातीचा प्रश्न

आता आपल्या जमिनीकडे येऊ. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती आहे. तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी आपल्या पापुद्र्यांमध्ये घेतात व फुगतात. उन्हाळ्यात आक्रसतात आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला वरदान असलेली ही माती गवंड्याला मात्र त्रासाची. येथे अडचण नुसत्या ओलीची नाही, तर जमीन स्वतःच वर-खाली होण्याची आहे. वर उत्तम सोलिंग आणि काँक्रीट केले तरी खालून ढकलणारी माती ते उचलते. तेही सगळीकडे सारखे नाही. भिंतीच्या कडेने पाणी जास्त मुरते, मध्ये कमी. व्हिट्रुव्हिअसने सांगितलेली भेग येथे वेगळ्या कारणाने पडते.

यावर भारतात दोन दिशांनी काम झाले. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खाली बल्बसारखा फुगीर भाग असलेला खांबपाया विकसित केला. पाण्याचा अंश ऋतूप्रमाणे जेथे बदलत नाही तेवढ्या खोलीवर, साधारण साडेतीन मीटरवर, हा खांब पाय रोवतो आणि वरची माती हलली तरी इमारत हलत नाही.

दुसरी दिशा थरांची. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. आर. के. कट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या मातीचा दीर्घकाळ अभ्यास केला. जमिनीत साधारण एक मीटर खोलीच्या खाली ऋतुमानाने होणारी फूग जवळजवळ दिसत नाही, असे त्यांना आढळले. वरच्या एक मीटर मातीचे वजन काही एवढे नसते, की ते फुगण्याचा मोठा दाब दाबून धरील. त्या वरच्या थरातील कणांची एकमेकांना धरून ठेवण्याची शक्ती येथे महत्त्वाची ठरते, असे त्यांचे म्हणणे. त्यावरून उपाय निघाला तो असा: वरची काळी माती काढावी आणि तिच्या जागी चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती, उदाहरणार्थ योग्य प्रकारचा मुरूम, सुमारे एक मीटर जाडीने चोपून भरावी. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली.

येथे वाळू का नको, हे पाहण्यासारखे आहे. वाळू फुगत नाही हे खरे. पण तिचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि पाणी तिच्यातून खाली झिरपून काळ्या मातीपर्यंत पोचते. ओल अडवायला मोकळी जागा हवी होती. फूग अडवायला एकमेकांना धरून ठेवणारे कण हवेत. प्रश्न बदलला, उत्तर उलटे झाले.

जुन्या घरातली नवी फरशी

आपल्या जुन्या घरांत दगडी जोत्याच्या आत माती व मुरूम भरून, चोपून, शेणाने सारवलेली जमीन असे. ती ओल पूर्णपणे अडवत नव्हती. ती ओल हळूहळू सगळ्या पृष्ठभागावरून वाळू देत होती. अशा घरात वरून गुळगुळीत, पाणी न पिणाऱ्या टाइल्स बसवल्या, की ओलीचा हा रस्ता बंद होतो. मग ती कडेला सरकते आणि मातीच्या किंवा विटांच्या भिंतींतून वर चढते. काही दिवसांनी भिंतीचा रंग पोपडे धरतो, लोणा फुटतो आणि दोष भिंतीला दिला जातो. वास्तविक भिंत तीच असते. बदललेली असते ती जमीन. खाली दगडांचा थर न देता वरचा थर बदलण्याचा हा परिणाम होय.

शिक्षकांनी काय पाहावे?

गावात शाळेची नवी खोली बांधली जाते, तेव्हा शिक्षक रोज तेथे असतात. अभियंता मात्र अधूनमधून येतो. भिंती उभ्या राहताना सगळे पाहतात. जोते भरताना फारसे कोणी पाहत नाही. पण फरशी खचण्याचे एक नेहमीचे कारण तेथेच असते. भिंतीचा पाया खोल, घट्ट जमिनीवर गेलेला असतो. फरशी मात्र जोत्यातल्या भरीवर बसते. ही भर एकदम टाकून वरवर चोपली, तर ती पुढे स्वतःच्या वजनाने बसत जाते. भिंत जागेवर राहते आणि फरशी मध्ये खाली जाते.

म्हणून चार गोष्टी विचारायला हरकत नसावी. भर पातळ थरांत, दरवेळी पाणी मारून आणि धुम्मस करून घातली का? भरीत काळी माती तर नाही ना? सोलिंगच्या दगडांमध्ये माती भरली आहे का? आणि भिंतीत जोत्याच्या पातळीला ओल रोखणारा थर घातला का? यासाठी अभियंता असावे लागत नाही. जोते भरायच्या दिवशी विद्यार्थ्यांना तेथे नेऊन एकेक थर दाखवावा आणि प्रत्येकाचे काम काय ते त्यांनाच विचारावे. त्यांच्यापैकी कोणी ‘हा थर कशासाठी?’ असे गवंड्याला विचारले, तर ते काम नीट होण्याची शक्यताही वाढते. झाकल्यावर मात्र विचारून उपयोग नाही.